आवाज ललिताचाच आहे

अंबड, नाशिक
१२ ऑगस्ट २०२५

चि. ललितास,

त्या मेसेजला खरोखर काय लागलं, ते काल बसून मांडून पाहिलं. पैशात काहीच नाही, बोट टेकवलं की जातो. बाकीचं असं: तीनशे साठ पोरांचा एक दिवस. दोन मोठी पातेली खिचडी, जी गायींनीही अर्धी टाकली. शाळेच्या टाकीचा नळ, मुळासकट. तुझी त्या शाळेतली तेरा वर्षं. आणि परवाच्या शनिवारी माझं उघडं मनगट. शेजारच्या शेडमधला मंगळू हातात चार राख्या घालून आला आणि माझ्या हाताकडे बघून परत गेला.

माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून पत्र. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "स्पीड पोस्ट करायचंय का?" म्हटलं, साधंच घ्या, घाई एकदा करून झालीय. त्यांना काही कळलं नाही.

लोक अजून दहा तऱ्हेनं सांगतात, म्हणून मला कळलेलं सरळ लिहितो. सात जुलैला सकाळी दहाच्या सुमारास पालकांच्या गटावर तुझ्या आवाजातला निरोप आला. मुलांना शाळेचं पाणी पिऊ देऊ नका, टाकीत औषध टाकलंय. हा निरोप तू २०२२ सालच्या नोव्हेंबरात दिलेला, टाकी धुवायला काढली त्या दिवशीचा. शेखर रिक्षावाल्याला तो कुठल्या तरी दुसऱ्या गटातून आला आणि त्याने इकडे टाकला. दिवस पावसाचे, त्यात दुसरीतल्या एका मुलाला त्याच सकाळी उलटी झाली. गटात कोणीतरी दुजोरा दिला की आवाज तुझाच आहे, आणि लोक शाळेवर गेले. पुढचं तुला माहीत आहे. आठ दिवसांत संस्थेने तुला मालेगावच्या शाळेत पाठवलं आणि सेवापुस्तकात शेरा मारला: पालकांत घबराट पसरवणारा संदेश दिला.

तो गट मीच बनवला होता. माझी पोर हर्षाली तिथे पाचवीत गेली तेव्हा. म्हणून त्याची जबाबदारी थोडी माझ्याकडे येते, हे मी मान्य करतो.

पण तू मला ओळखतेस. सायखेड्याहून आलो तेव्हा माझ्याकडे आयटीआयसुद्धा नव्हतं. झाडू मारता मारता मशीनचे आवाज ऐकून शिकलो. आज सहा लेथ माझ्या आहेत. कुठलीही चालू करा, मी पाठमोरा उभा राहून सांगतो, बेअरिंग गेलंय का पट्टा सैल आहे. दहा सेकंद पुरतात. अख्ख्या अंबडमधून लोक आपली मशीनं ऐकवायला मला घेऊन जातात, आणि हे कान अजून एकदाही चुकलेले नाहीत. तेव्हा हा घोटाळा निस्तरायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही, असं मी आशाला सांगितलं. तुझी वहिनी म्हणाली, "निस्तरा. पण आधी त्यांना पत्र लिहा." म्हणून पत्र आधी.

रविवारी मशीनं बंद असतात. या रविवारपासून पालकांना शेडमध्ये बोलावणार आहे. शाळेबद्दल फोनवर जे जे येतं, ते तपासायचं कसं, ते शिकवीन.

तुझ्या डी.एड.ची फी कोणी भरली, तो विषय मी काढणार नाही.

तुझा
भारतदादा


३१ ऑगस्ट २०२५

चि. ललितास,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. तीन रविवार झाले, ऐकण्यासारखं बरंच आहे.

पहिल्या रविवारी बत्तीस जण आले. निम्मे चहासाठी, हे मी समजून होतो. मी काही मास्तर नाही, माझ्या धंद्यातलं तेवढं सांगितलं. म्हटलं, माझ्या दारात लोखंड आलं तर मी ते तसंच मशीनवर चढवत नाही. कुठून आलं ते बघतो, कधीचं ते बघतो, गेज लावून बघतो. गेजमध्ये बसलं तर आत, नाही तर टेम्पोत परत. फोनवर आलेला मालही मालच आहे. मग सगळ्यांना सांगितलं, गेल्या महिन्यात शाळेबद्दल आलेला एकेक मेसेज काढा.

काय काय निघालं म्हणून सांगू. "उद्या सर्व शाळांना सुट्टी" असं शिक्क्याचं पत्र एका बाईंनी दाखवलं. त्याच्या जोरावर त्यांनी पोराला घरी ठेवलं होतं. शिक्का खरा, सही खरी दिसत होती, पाऊसही खरा. बोटांनी कागद मोठा करून वरचा कोपरा वाचला, तर साल दोन वर्षांपूर्वीचं. बाई म्हणाल्या, "कागद तर सरकारीच आहे ना?" म्हटलं, आहे. मागच्या वर्षीचं दुधाचं बिलही खरंच असतं, म्हणून ते दूध आज तापवता येत नाही. हसल्या, पण दुसऱ्या रविवारी स्वतःच एक तसलंच पत्र पकडून घेऊन आल्या. दुसऱ्या एकाकडे शिष्यवृत्तीचा फॉर्म होता, पोराचं आधार आणि आईचं बँक खातं मागणारा. त्याला विचारलं, शाळेच्या फलकावर आहे का? नाही. शाळेत फोन केलास का? नाही. मग हा फॉर्म कोणी दिला? म्हणाला, "मेव्हण्याने." मेव्हणा काय करतो? "वाळूचा ट्रक चालवतो."

शेखर कोपऱ्यात बसून ऐकत होता. म्हणाला, "शेठ, एवढं बघत बसलो तर पॅसेंजर उतरून जाईल."

"मग बघू नकोस. पुढे पाठवू पण नकोस. न पाठवायला किती वेळ लागतो?"

"ते बी खरं. पण एखाद्या लेकराला खरंच काही झालं आणि मी गप बसलो तर?"

प्रश्न चांगला होता. म्हटलं, तर शाळेत फोन कर. शाळेला विचारणं म्हणजे गप्प बसणं नाही. त्याने शाळेचा नंबर तिथेच फोनात घातला. तीन वर्षं त्याची दोन पोरं त्या शाळेत आहेत आणि त्याच्याकडे शाळेचा नंबर नव्हता. मग सगळ्यांना विचारलं. बत्तीसपैकी नऊ जणांकडे होता.

तिसऱ्या रविवारी मी तुझाच निरोप सगळ्यांना ऐकवला, स्पीकरला जोडून. आणि तिथेच भानगड उघडी पडली. अगदी शेवटी, तू बोलायची थांबतेस त्याच्या आधी, मागे घंटा वाजते. पितळी घंटा. शाळेत दोन वर्षांपासून विजेची बेल आहे. म्हणजे निरोप जुना, हे निरोपातच होतं. कान म्हणतात ते हे.

आता तुझ्या कामाचं. संस्थेची बैठक अकरा ऑक्टोबरला आहे. तुझा शेरा काढायचा की कायम करायचा, ते त्या दिवशी ठरणार. कायम झाला तर मुख्याध्यापकपदाचा तुझा नंबर गेलाच, आणि मालेगाव सुटणार नाही. मी घंटेचा पुरावा देणार आहे. पालकांच्या सह्या गोळा करतोय, ऐंशी झाल्यात.

आणि हो, एक गोष्ट. गटावर दुजोरा दिला तो मी. विचारलं म्हणून सांगितलं की आवाज तुझा वाटतो. तो होताही तुझा. म्हणजे मी जे बोललो, ते खोटं नव्हतं.

भारतदादा


२१ सप्टेंबर २०२५

ललिता,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. तीन ओळी. आशाने आधी वाचलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"दादा, आवाज माझा होता हे मीही नाकारत नाही. तू गटावर काय लिहिलं होतंस ते जसंच्या तसं लिहून पाठव. बाकी काही नको."

तो गट पालकांचा, तुम्ही शिक्षक त्यात नाही. म्हणजे माझा मेसेज तू कधी पाहिलाच नाहीस. गेटवर तुझ्या कानावर फक्त लोकांचं ओरडणं आलं, "सख्खा भाऊ सांगतोय." पोस्टकार्ड वाचेपर्यंत हे माझ्या डोक्यात नव्हतं.

दोन दिवस मी टाळलं. हे घे.

"ऐका सगळे. आवाज ललिताचाच आहे. माझी सख्खी बहीण आहे, परत कोणी विचारू नका. ज्यांची पोरं शाळेकडे निघालीत त्यांनी माघारी आणावीत. शाळा काही लपवत असेल तर आपण गप्प बसायचं नाही."

दहा वाजून चौदा मिनिटं. मागच्या पत्रात मी लिहिलं, विचारलं म्हणून सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. शेखरने निरोप टाकला होता आणि खाली एका बाईंनी लिहिलं होतं, "हे खरं आहे का?" ते मला नव्हतं, सगळ्यांना होतं. शेवटचं वाक्य मी का लिहिलं, ते अजून शोधतोय. लिहिताना बरं वाटलं होतं एवढं आठवतं.

संध्याकाळी मी तो पुसला. तोवर कोणीतरी त्याचा फोटो काढून संस्थेत पोचवला होता. वर उतरवला तो त्याच फोटोवरून. संस्थेने तुझ्यावर शेरा मारला तो निरोपामुळे नाही. तू सांगत होतीस की हा जुना आहे. तू बाहेर गेल्यावर त्यांनी टेबलावर माझा मेसेज ठेवला. सख्ख्या भावानेच खात्री दिली, तेव्हा बाई खोटं बोलतात, असं त्यांनी धरलं. स्नेहल बाईंनी मला हे परवा सांगितलं. मुख्याध्यापक असून त्या माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, जणू चूक त्यांचीच.

तू विचारलं नाहीस, तरी लिहितो. तुझा नंबर माझ्या फोनात पहिला आहे. मी स्वतःला सांगत होतो की तू वर्गावर असतीस, फोन उचलला नसतास. शाळा अकराला भरते. दहा चौदाला तू घरी डबा भरत होतीस.

आणखी एक. त्या दिवशी मी आलो होतो. शाळेसमोरच्या चौकात शेखरच्या रिक्षामागे उभा होतो. कुसाबाई म्हाताऱ्या, नातवाला सोडायला येतात त्या, टाकीचं पाणी पेल्यात घेऊन तुझ्यासमोर उभ्या राहिल्या. "पी आधी तू. तुला काय झालं नाय तर आमची लेकरं पितील." तू प्यालीस. तीन पेले. मला तिथून दिसत नव्हतं, गर्दी होती. पण स्टीलचा पेला तू कट्ट्यावर ठेवल्याचा आवाज तिन्ही वेळा ऐकला. तिसऱ्या वेळी हळू ठेवलास. मी पुढे यायला हवं होतं. मी शेखरला म्हटलं, चल, मला शेडवर सोड.

डी.एड.चा टोमणा पहिल्या पत्रात मारला, तो परत घेतो.

दादा


५ ऑक्टोबर २०२५

ललिता,

काल शाळेत पालकसभा झाली. शेडमध्ये नको, शाळेतच आणि सगळ्यांसमोर, असं मी स्नेहल बाईंना सांगितलं. हॉल भरला होता, लोक खिडक्यांतून वाकले होते. आशा पहिल्या रांगेत येऊन बसली. बोलावलं नव्हतं.

मी उभा राहिलो आणि तो मेसेज वाचून दाखवला. मोठ्याने, आहे तसा. मग म्हटलं, हा मी लिहिला. तुम्ही शाळेवर गेलात ते शेखरच्या निरोपामुळे नाही, माझ्यामुळे गेलात.

मागून कोणीतरी म्हणालं, "वाचला होता आम्ही तो. दर रविवारी आम्हाला शिकवत होता, ते तुम्हीच ना?"

"मीच."

"चहा मात्र चांगला होता," दुसरा म्हणाला, आणि चार जण हसले. मला ते हसणं जास्त लागलं. रागवले असते तर मला सोपं गेलं असतं.

शेखर उठला. "शेठ एकटे कशाला? मी टाकला नसता तर त्यांनी लिहिलं असतं का? मला वाटलं, चांगलं काम करतोय." मग हळूहळू पाच-सहा जण उभे राहिले. कोणी सांगितलं, मी चार गटांवर पाठवला. कोणी म्हणालं, मी नळ ओढला. कोणाला सांगावं लागलं नाही.

कुसाबाई शेवटपर्यंत बसून होत्या. मग काठी टेकत पुढे आल्या. "मला वाचता येत नाय," त्या म्हणाल्या. "लिवलेलं मला कुनीबी काय सांगल ते खरं. म्हनून आवाज आला की मला लय खरं वाटतं. बाईचा आवाज, त्यात भावाचा शब्द. मी तिला पानी पाजलं. माझ्या नातवाला अक्षर तिनंच शिकवलं, ते मला पेला हातात घेतल्यावर आठवलं, पन हात मागं घेतला नाय." एवढं बोलून त्या स्नेहल बाईंना म्हणाल्या, "माझा अंगठा कुठं घ्यायचा तो घ्या."

ललिता, इथे मला तुला काहीतरी सांगायचं आहे. घंटा मी ओळखली नाही. कुसाबाईंनी ओळखली. त्या रविवारी निरोप संपला, मी पुढचं वाक्य जुळवत होतो, आणि त्या म्हणाल्या, "ही तर जुनी घंटा हाय. गेटवर बसून सहा वरसं ऐकली मी." मी लगेच स्पीकरला हात लावून म्हटलं, बरोबर, मी तेच सांगणार होतो. त्यांनी मान डोलावली, भांडल्या नाहीत. तुला पत्र लिहिताना ती घंटा माझी झाली. काल सभेत हेही सांगितलं. कुसाबाई म्हणाल्या, "मला ठावं होतं की."

आता सगळं लिहून काढतोय, संस्थेला द्यायला. माझ्या सहीने. वर कुसाबाईंचा अंगठा आणि दोनशे सहा सह्या. रविवारचा वर्गही थांबवणार नाही. काल सुटताना तिघी बायकांनी विचारलं, "उद्या आहे ना?" म्हटलं, मी शिकवू का अजून? एक म्हणाली, "तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?" हा टोमणा होता का शाबासकी, ते मला कळलं नाही. तसंच ठेवून घेतलं.

दादा


१२ ऑक्टोबर २०२५

ललिता,

शेरा काढला. लेखी. स्नेहल बाईंनी मला कागद दाखवला, आणि मी तारीख, सही, जावक क्रमांक, सगळं दोनदा तपासलं. त्या म्हणाल्या, "मीच आणलाय तिथून." म्हटलं, तरी.

दिवाळीनंतर परत यायचं का मालेगावला राहायचं, हे संस्थेने तुझ्यावर सोडलं आहे. मी काही म्हणणार नाही. तिथल्या मुलांना तुझी सवय झाली असेल. इथे नवा नळ बसवला आहे. शेखरने बसवला, जरा वाकडा, पण गळत नाही.

काल बैठकीत मला आत बोलावलं होतं. सहा जण बसले होते. कार्यवाहांनी माझं निवेदन पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "भारतराव, यात सगळं आहे. एकच नाही. तुम्ही लोकांना शिकवता की निरोप शेवटपर्यंत ऐका. लिहिण्याआधी तुम्ही तो किती वेळा ऐकला होता?"

म्हटलं, एकदा.

"पूर्ण?"

मी पाणी मागितलं. त्यांनी दिलं. मग सांगितलं. ते इथेही लिहितो, कारण कार्यवाहांना सांगितलेलं तुझ्यापासून ठेवणं बरं दिसणार नाही. आशालाही काल रात्री जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. लेथ चालू असताना तुम्ही माझंही एवढंच ऐकता."

त्या सकाळी तीन नंबरचं मशीन चालू होतं. फोन कानाला लावला. तू "पालकांनो, नमस्कार" म्हणालीस. पाणी, टाकी, औषध म्हणालीस. आवाज ओळखला, फोन खाली घेतला आणि लिहायला लागलो. नंतर जवळजवळ आठ आठवडे त्या निरोपाबद्दल इतकं बोललो, पण तो पुन्हा लावला नाही. लोकांना ऐकवायला म्हणून शेडमध्ये पहिल्यांदा परत उघडला, तेव्हा तो जिथे सोडला होता तिथेच थांबलेला होता. कोणी बघायच्या आत अंगठ्याने मागे नेला आणि सुरुवातीपासून लावला. तेव्हा बाकीच्यांबरोबर मीही तो पहिल्यांदाच ऐकला: "हे फक्त आजच्या शनिवारपुरतं आहे. सोमवारी टाकी धुऊन होईल, मग पाणी प्यायला हरकत नाही. दिवाळीची सुट्टी कशी गेली ते मुलांना लिहून आणायला सांगा." सात जुलैला सोमवार होता. दिवाळी तर साडेतीन महिने पुढे होती. तुला पत्रात मी घंटाच लिहिली, हे शब्द नाहीत; लिहिले असते तर मी ते आधी ऐकलेच नव्हते, हे दिसलं असतं.

तुझा निरोप एक मिनिट चार सेकंदांचा आहे. मी अकरा सेकंद ऐकला होता.

दादा